जावाची पॉलिसी फाइल टाकली तरी टोकनने लॉगिन का होत नाही?

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे कुठे चुकत असेल तर लक्षात येईल. संस्थेत एक जुनी वेब प्रणाली आहे. ती ब्राउझरमधून उघडते आणि लॉगिनला पासवर्डऐवजी डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लागतं. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने ईमेलने एक पॉलिसी फाइल (कुठल्या कोडला संगणकावर काय करू द्यायचं हे जावाला सांगणारी) धाडली आणि 'जावाच्या सिक्युरिटी फोल्डरमधल्या फाइलवर ही टाका' एवढंच कळवलं. दोन संगणकांवर ते जमलं. तिसऱ्यावर 'ॲक्सेस डिनाइड' येतं. जमलेल्या दोनांपैकी एकावर जावा अपडेट झाल्यापासून लॉगिन बंद पडलंय. आणि जाता जाता विचारलंय, की अशी फाइल टाकण्यात धोका तर नाही ना?

तो जाता जाता विचारलेला प्रश्नच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला लागलं की आधीच्या दोन तक्रारींचाही बराचसा उलगडा होतो.

आवृत्ती तुम्ही लिहिलेली नाही. जावा ११ पासून ब्राउझरचं प्लगइनच, म्हणजे ब्राउझरमध्ये जावा चालवणारा जोडभागच, काढून टाकलंय, तेव्हा तुमच्याकडे जावा ८ आहे असं धरून पुढचं लिहिते. विंडोजही गृहीत धरलंय.

आधी ही फाइल लागतेच कशाला ते पाहू. ब्राउझरमधल्या जावा ॲप्लेटला, म्हणजे वेबपानातून चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामला, एरवी तुमच्या संगणकाला हात लावता येत नाही. डिस्कवरची फाइल वाचणं, टोकनच्या ड्रायव्हरची डीएलएल (विंडोजची कोड असलेली फाइल) लोड करणं, सगळं बंद. ॲप्लेटवर कंपनीची सही असेल आणि विचारल्यावर तुम्ही 'रन' म्हणालात, तर मात्र त्याला मोकळीक मिळते. मग सही केलेल्या ॲप्लेटला वेगळी पॉलिसी फाइल का लागावी? माझ्या कामात बहुतेकदा निघालेलं कारण असं: लॉगिनचं बटण वेबपानावर असतं आणि पानावरचं जावास्क्रिप्ट ॲप्लेटमधलं 'सही कर' हे फंक्शन बोलावतं. परवानगी तपासताना जावा फक्त शेवटच्या फंक्शनकडे बघत नाही. कोणी कोणाला बोलावलं ती सगळी साखळी तपासतो, आणि त्यात एक कडी जरी बिनभरवशाची निघाली तरी नकार देतो. पानावरचं जावास्क्रिप्ट त्याच्या लेखी बिनभरवशाचंच.

यावरचा उपाय खरं तर ॲप्लेट लिहिणाऱ्याच्या हातात असतो. टोकनला हात लावणारा तेवढा भाग 'डू-प्रिव्हिलेज्ड' या वेष्टनात ठेवायचा, म्हणजे साखळीतल्या त्यामागच्या कड्या तपासल्या जात नाहीत. मोजक्या ओळींचं काम. ते न करता प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक संगणकावर फाइल टाकायला लावणं हा आळस आहे, असं माझं मत. तुमच्या ॲप्लेटचा कोड माझ्यासमोर नाही, कारण वेगळंही असू शकेल. पण कंपनीला हे जरूर विचारा.

आता ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, साधा मजकूर असतो. 'ग्रँट' हा शब्द, त्यानंतर महिरपी कंस, कंसात 'परमिशन'ने सुरू होणाऱ्या एक किंवा अनेक ओळी. ग्रँट आणि कंस यांच्यामध्ये 'कोडबेस' असं लिहून पुढे अवतरणात तुमच्या प्रणालीचा पत्ता आहे का, एवढं पाहा. असेल तर ती परवानगी त्या पत्त्यावरून आलेल्या कोडपुरती आहे. नसेल, आणि कंसात 'ऑल-परमिशन' अशी एकच ओळ असेल, तर तुम्ही जगातल्या कुठल्याही संकेतस्थळावरच्या, सही नसलेल्याही ॲप्लेटला संगणकाचे सगळे अधिकार देऊन टाकले. सोसायटीच्या वॉचमनला 'जो येईल त्याला वर सोड, किल्लीही दे' असं लेखी देण्यासारखंच हे. अशा एकओळी फाइली मी पुष्कळ पाहिल्यात. कंपन्यांना त्या सोयीच्या पडतात, कारण एकच फाइल सगळ्या ग्राहकांना चालते.

धोका पुस्तकी नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये जावाच्या प्लगइनमधल्या त्रुटी वापरून प्रत्यक्ष हल्ले झाले. जानेवारीतल्या प्रकारानंतर अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने ब्राउझरमधला जावा बंद ठेवा असा जाहीर सल्ला दिला होता. त्या हल्लेखोरांना एवढा खटाटोप करून मिळवायचं होतं ते काय, तर ॲप्लेटला पूर्ण अधिकार. आपण तेच एका ओळीत, कुठलीही त्रुटी नसताना देतो. तुमच्या बाबतीत तर संगणकाला सहीचं टोकन जोडलेलं आहे. खासगी किल्ली (टोकनमधला, जिच्यामुळे सही होते तो गुप्त भाग) आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणं ही सही ज्याच्या नावाची त्याची जबाबदारी आहे, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ मध्ये तसं लिहिलंय. (साहेबांचं टोकन आणि पिन क्लार्ककडे असणं हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

तेव्हा पहिलं काम, कोडबेस घालणं. इथे शेवटच्या चिन्हावर सगळं अवलंबून असतं आणि नेमके तिथेच लोक अडकतात. पत्ता नुसत्या तिरक्या रेघेने संपला, तर त्या फोल्डरमधल्या सुट्या क्लास फाइलींनाच (जावाच्या तयार कोडच्या फाइली) परवानगी मिळते, त्यांचा गठ्ठा बांधलेल्या जार फाइलींना नाही. रेघेनंतर तारांकन दिलं तर त्याच फोल्डरमधल्या जारही येतात. रेघेनंतर उणे चिन्ह दिलं तर खालचे सगळे उपफोल्डरही येतात. ॲप्लेट जवळजवळ नेहमी जारमध्ये असतं, त्यामुळे नुसत्या रेघेवर संपणारी ओळ दिसायला बरोबर असते आणि काम काही करत नाही. मी उणे चिन्ह वापरते, कारण पान एका फोल्डरमध्ये आणि जार दुसऱ्यात असते आणि परवानगी दोघांनाही लागते. पत्ता एचटीटीपीएसने उघडत असेल तर फाइलमध्येही एचटीटीपीएसच हवं. पोर्ट क्रमांक लागत असेल तर तोही.

ऑल-परमिशनऐवजी नेमक्या परवानग्या एकेक करून द्याव्यात का? शास्त्र म्हणून हो. अमुक डीएलएल लोड करणं, अमुक फाइल वाचणं, अशी यादी बनवता येते. पण कंपनीने ॲप्लेट बदललं की यादी अपुरी पडते, आणि पुढच्या वेळी घाईत कोणीतरी ती एकओळी फाइल परत आणून टाकतं. कोडबेस घट्ट बांधायचा आणि त्याच्या आत पूर्ण परवानगी द्यायची, ही तडजोड मला चालते. प्रणाली संस्थेच्या आतल्याच सर्व्हरवर असेल तर नक्कीच. सर्व्हर बाहेर कुठे भाड्याच्या जागेवर असेल आणि त्याच पत्त्यावर इतरही गोष्टी चालत असतील, तर यादीचा त्रास घ्यावा.

आता 'जुन्या फाइलवर टाका' या सूचनेबद्दल. ही मला सगळ्यांत खटकते. जावाबरोबर आलेली मूळ पॉलिसी फाइल रिकामी नसते. जावा ८ मध्ये तिच्यात एक ओळ अशी असते, की जावाच्या स्वतःच्या 'एक्स्ट' फोल्डरमधल्या जार फाइलींना पूर्ण परवानगी आहे. टोकनशी बोलणारी, पीकेसीएस-११ या टोकनसाठीच्या मानकाची जार नेमकी त्याच फोल्डरमध्ये असते, विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरशी बोलणारीही. कंपनीच्या फाइलने मूळ फाइल पुसली की ही ओळ गेली. कंपनीच्या फाइलमध्ये सगळ्यांना सगळंच दिलेलं असतं म्हणून ते जाणवत नाही. पण शहाण्या माणसाने पुढे तिच्यात कोडबेस घातला, की जावाचीच टोकनवाली जार परवानगीविना उघडी पडते, लॉगिन मोडतं, आणि मग 'कोडबेस घातला की चालत नाही बुवा' असा निष्कर्ष निघून पुन्हा सगळं मोकळं सोडलं जातं. कोडबेसचा काही दोष नसतो. मूळ फाइल परत जागेवर ठेवा, त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावरून आणा किंवा जावा पुन्हा बसवा, आणि आपली ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहा.

वेगळी फाइल कुठली? जावा दोन ठिकाणी पाहतो. एक, ज्या फोल्डरमध्ये तो बसलाय त्याच्या लिबमधलं सिक्युरिटी फोल्डर, तिथली 'जावा डॉट पॉलिसी' नावाची फाइल सगळ्या युजरना लागू. दोन, प्रत्येक युजरच्या स्वतःच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण नावाआधी टिंब असलेली फाइल. ती असली तर वाचतो, नसली तर तक्रार करत नाही. दोन्हींतल्या परवानग्यांची बेरीज होते. 'हे करू नको' असं या फाइलीत लिहिण्याची सोयच नाही, म्हणून एका ठिकाणी कोडबेस घालून दुसऱ्या ठिकाणची जुनी मोकळी फाइल तशीच राहिली, तर दार उघडंच राहतं. दोन्ही जागा तपासा.

तुमचा दुसरा संगणक अपडेटनंतर का बंद पडला ते आता दिसेल. जावा ८ च्या बहुतेक अपडेट आपल्या क्रमांकाचं नवं फोल्डर करून त्यात बसतात आणि त्या फोल्डरमध्ये नवी कोरी पॉलिसी फाइल येते. तुमची फाइल जुन्या फोल्डरबरोबर गेली. प्रोफाइलमधली टिंबवाली फाइल अपडेटमध्ये जात नाही, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा की ती युजरला स्वतःला बदलता येते, म्हणजे त्याच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामलाही बदलता येते. एका संगणकावर एकच माणूस बसत असेल तर मी टिंबवाली फाइल ठेवते. काउंटरवर पाळीपाळीने माणसं बसत असतील तर मुख्य फोल्डरमधल्या फाइलमध्ये, मूळ मजकूर तसाच ठेवून, खाली आपली ओळ जोडते आणि संगणक सुरू होताना ती आहे की नाही हे एका स्क्रिप्टने तपासून घेते.

तिसऱ्या संगणकाचं कोडं सोडवायला अंदाज नकोत, जावा कन्सोल उघडा. कंट्रोल पॅनलमध्ये जावा, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथे 'शो कन्सोल'. ब्राउझर बंद करून पुन्हा लॉगिनचं पान उघडलं की कन्सोलची खिडकी येते. तिच्यात इंग्रजी 'एस' दाबलं की सगळ्या सेटिंग छापल्या जातात. त्यातल्या 'जावा होम' आणि 'युजर होम' या दोन ओळी वाचा. पहिली सांगते की ब्राउझर कुठल्या फोल्डरमधला जावा वापरतोय, दुसरी सांगते की टिंबवाली फाइल तो कुठे शोधतोय. फाइल बदलल्यावर कन्सोलमध्येच 'आर' दाबलं की पॉलिसी पुन्हा वाचली जाते, दर वेळी ब्राउझर बंद करावा लागत नाही.

या दोन ओळींवरूनच निम्मी प्रकरणं मिटतात. पहिला नेहमीचा घोळ ३२ आणि ६४ बिटचा. ६४ बिट विंडोजवरही इंटरनेट एक्सप्लोररचे टॅब बहुतेकदा ३२ बिटचेच चालतात, म्हणजे ३२ बिटचा जावा, जो प्रोग्राम फाइल्सच्या 'एक्स ८६' वाल्या फोल्डरमध्ये बसतो. लोक फाइल टाकतात ६४ बिटच्या फोल्डरमध्ये. तिथे ती सुखाने पडून राहते, कोणी वाचत नाही. दुसरा घोळ ॲडमिनचा. आयटीवाला आपल्या ॲडमिन लॉगिनने येतो, टिंबवाली फाइल स्वतःच्याच प्रोफाइलमध्ये ठेवतो, लॉगिन चालवून दाखवतो आणि जातो. मॅडम बसल्या की त्यांच्या प्रोफाइलमध्ये काहीच नसतं.

तिसरा घोळ फाइलच्या नावाचा आणि मजकुराचा. नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी लावतो आणि एक्सप्लोरर ते लपवतो, म्हणून आधी 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवायला सांगा. टिंबाने सुरू होणारं नाव जुन्या विंडोजचा एक्सप्लोरर घेत नाही. नोटपॅडच्या 'सेव्ह ॲज'मध्ये नाव अवतरण चिन्हांत लिहिलं की घेतो. एन्कोडिंग एएनएसआय ठेवा. आणि मजकूर ईमेलमधून, वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून उचलला असेल तर सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं झालेली असतात. जावाला ती समजत नाहीत. तसंच ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला की जावा पूर्ण फाइलच सोडून देतो, चुकलेली ओळ तेवढी नाही. पडद्यावर काही दिसत नाही, कन्सोलमध्ये मात्र 'एरर पार्सिंग' असं ओळ क्रमांकासकट येतं.

हे सगळं करूनही चालत नसेल तर दुखणं पॉलिसीचं आहे का हेच आधी ठरवा. 'ॲक्सेस डिनाइड' आणि पुढे कंसात एखाद्या परमिशनचं नाव असेल तर पॉलिसीचंच. 'ॲप्लिकेशन ब्लॉक्ड' अशी खिडकी येत असेल तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०१४ च्या जावा ७ अपडेट ५१ पासून सही नसलेली किंवा स्वतःच सही केलेली ॲप्लेट अडवली जातात, आणि त्यासाठी जावा कंट्रोल पॅनलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'एक्सेप्शन साइट लिस्ट' आहे. त्या यादीत पत्ता घातल्याने ॲप्लेट सुरू होतं, पण अधिकार वाढत नाहीत. दोन्ही एकच समजून लोक दिवस घालवतात. एप्रिल २०१७ च्या जावा ८ अपडेट १३१ पासून एमडी-५ या जुन्या, कमकुवत पद्धतीने सही केलेली जार ही सही नसलेली धरली जाते, तिथे पॉलिसी फाइल कितीही बदला, कंपनीकडून नव्याने सही केलेली जारच आणावी लागते. आणि एप्रिल २०२१ च्या जावा ८ अपडेट २९१ मध्ये टीएलएसच्या (सर्व्हरशी होणारं बोलणं सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद झाल्या. सर्व्हर जुना असेल तर 'हँडशेक' शब्द असलेली त्रुटी येते. अशा वेळी कंपनीचा माणूस जावाच्या सिक्युरिटी सेटिंगच्या फाइलमधून बंदीची ओळच काढायला सांगतो. ती काढू नका, सर्व्हर सुधारायला सांगा.

तुमचा दुसरा संगणक बंद पडला तो फोल्डर बदलल्यामुळे की टीएलएसमुळे, हे तुमच्या वर्णनावरून ठरवता येत नाही. कन्सोलमधला शब्द पाहून एका मिनिटात ठरेल.

'अपडेटच बंद करून टाकू का?' असं पुढे विचाराल, म्हणून सांगते. ज्या संगणकावर ब्राउझरमधला जावा चालू आहे तिथे जुना जावा ठेवणं मला पटत नाही. पण एप्रिल २०१९ पासून ओरॅकलने जावा ८ च्या अपडेटचा परवाना बदललाय. घरगुती वापराला फुकट, संस्थेच्या कामाला सशुल्क. तुमची संस्था सशुल्क परवाना घेते का, की प्रणालीबरोबर कंपनीने दिलाय, हे हिशेब विभागाला विचारून घ्या. ऑडिटमध्ये निघण्यापेक्षा बरं.

ब्राउझरबद्दल थोडक्यात. क्रोमने असली प्लगइन सप्टेंबर २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर स्वतः १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. राहिला एज ब्राउझरमधला आयई मोड (जुनी पानं इंटरनेट एक्सप्लोररच्या पद्धतीने उघडण्याची सोय), जो निदान २०२९ पर्यंत चालवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय. प्रत्येकाने आपापल्या एजमध्ये हाताने पत्ता घातला असेल तर ती नोंद ३० दिवसांनी संपते आणि महिन्याने पुन्हा 'लॉगिन बंद पडलं' असा फोन येतो. संगणक जास्त असतील तर ग्रुप पॉलिसीने (विंडोजची, अनेक संगणकांना एकदम सेटिंग लावण्याची सोय; जावाच्या पॉलिसी फाइलशी संबंध नाही) साइट लिस्ट लावा, तिला ती मुदत नाही.

या पॉलिसी फाइलींचं आयुष्यही फार उरलेलं नाही. जावातल्या परवानग्या तपासणाऱ्या ज्या सिक्युरिटी मॅनेजरच्या जोरावर त्या चालतात तो २०२१ च्या जावा १७ मध्ये मोडीत काढायच्या यादीत गेला आणि मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये कायमचा बंद झाला. म्हणून कंपनीशी बोलाल तेव्हा फाइल दुरुस्त करून मागण्यावर थांबू नका, ॲप्लेट कधी काढताय ते विचारा. जीएसटीच्या पोर्टलवर सही कशी होते ते तुमच्या अकाउंटंटनी पाहिलं असेल: संगणकावर एक छोटी सेवा बसवलेली असते, वेबपान तिच्याशी संगणकाच्या आतल्याच पत्त्यावर बोलतं, आणि टोकनला हात ती सेवा लावते. ब्राउझर कोणताही चालतो, पॉलिसी फाइलचा प्रश्नच येत नाही. या सेवेलाही आपली पथ्यं आहेत, कोणत्या संकेतस्थळाला ती दाद देते हे तपासावंच लागतं. पण कंपनीने तारीख लेखी दिली तर तोवर आयई मोडवर काढायला हरकत नाही.

उद्या ऑफिसात गेल्यावर तिसऱ्या संगणकावर, जी व्यक्ती रोज तिथे बसते तिच्याच लॉगिनने, कन्सोल उघडा आणि तीन गोष्टी उतरवून घ्या: जावा होम, युजर होम आणि 'ॲक्सेस डिनाइड'ची कंसासकट पूर्ण ओळ. त्या कळवल्यात तर नेमकी कुठली परवानगी अडतेय ते सांगता येईल. पाठवताना सर्व्हरचा पत्ता आणि टोकनवरचं नाव खोडा, आणि 'एस' दाबून छापलेली सगळी यादी पाठवू नका, तिच्यात गरजेपेक्षा बरंच जास्त असतं.